सांगितलं, पण पोचलं का? – एकत्र काम करणाऱ्यांचा संवाद

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



पत्रिकेवर विषय छापलाय 'टीममधला सुसंवाद'. सुसंवाद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? गोड बोलणं, हसतमुख राहणं, कुणाला दुखवू नये, वगैरे. ते सगळं चांगलंच आहे, पण आज मी त्याविषयी बोलणार नाही. कारण गोड बोलणारी, एकमेकांचा मान राखणारी माणसं एकत्र काम करत होती आणि तरीही मोठा घात झाला, अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. किंबहुना काही ठिकाणी मान राखला म्हणूनच घात झाला. त्यातली काही आज आपण बघू.

आधी टीम म्हणजे काय, ते ठरवू. एका खोलीत दहा टेबलं मांडून दहा माणसं बसवली म्हणजे टीम होत नाही. माझं काम नीट व्हायला लागणारी निम्मी माहिती जेव्हा दुसऱ्याच्या डोक्यात असते, तेव्हा आम्ही टीम असतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला रुग्णाचं रक्तदाब किती उतरलंय ते भूलतज्ज्ञाकडूनच कळतं. दुसऱ्या पाळीच्या फिटरला सकाळी यंत्र कसला आवाज करत होतं, हे पहिल्या पाळीचाच माणूस सांगू शकतो. म्हणजे बोलणं ही कामाच्या भोवतीची सजावट नाही. बोलणं हा कामाचाच भाग आहे, आणि बोलण्यात चूक झाली तर ती कामातलीच चूक असते.

हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट शिकलं ते विमान चालवणाऱ्यांनी. फार मोठी किंमत मोजून शिकले. म्हणून सुरुवात तिथून.

एक 'ओके' आणि ५८३ माणसं

२७ मार्च १९७७. स्पेनच्या ताब्यातली कॅनरी बेटं आहेत, त्यातलं टेनेरीफ हे एक बेट. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून तिथली सगळी विमानं टेनेरीफच्या छोट्या विमानतळाकडे वळवली होती. गर्दी इतकी की धावपट्टीवर जाण्याच्या रस्त्यावरही विमानं उभी. त्यामुळे विमानांना मुख्य धावपट्टीवरूनच चालत पुढे जावं लागत होतं. त्यात धुकं उतरलं. नियंत्रकाला मनोऱ्यातून धावपट्टी दिसेना, आणि धावपट्टीवर दोन जम्बो जेट – एक डच कंपनी केएलएमचं, एक अमेरिकन पॅन ॲमचं. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. तिथे जमिनीवरचं रडारही नव्हतं. म्हणजे कोण कुठे आहे, हे कळायला एकच साधन – रेडिओवरचं बोलणं.

केएलएमचं विमान टोकाला जाऊन वळून उभं राहिलं. नियंत्रकाने त्यांना उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचं, ते सांगितलं. मार्ग सांगितला, उड्डाण करा असं सांगितलं नव्हतं. सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी जोडलं की आम्ही आता 'ॲट टेक-ऑफ' आहोत. आता याचा अर्थ काय? वैमानिकाच्या दृष्टीने, निघालो. नियंत्रकाने अर्थ घेतला की उड्डाणाच्या जागी उभे आहेत. तो म्हणाला, 'ओके'. आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाला की थांबा, मी सांगेन. नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक रेडिओवर सांगत होता की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघं एकाच वेळी एकाच लहरीवर बोलले की नुसती शीळ ऐकू येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट पोचला तो एकच शब्द – 'ओके'.

५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला आजवरचा सगळ्यात मोठा अपघात.

बघा, इथे कुणी खोटं बोललं नाही, कुणी आळस केला नाही. प्रत्येकाने आपलं वाक्य बोलून टाकलं होतं आणि प्रत्येकाच्या लेखी ते पोचलं होतं. आपल्याकडेही रोज हेच चालतं. "मी तर सांगितलं होतं!" हे वाक्य आपण आठवड्यातून किती वेळा ऐकतो? (हशा) सांगणारा सुटला, कारण तो बोलला. ऐकणारा सुटला, कारण त्याने 'हो' म्हटलं. काम मात्र मधल्या मध्ये अडकलं.

या अपघातानंतर काय झालं? 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, अशी शिस्त आली. नुसतं 'ओके' किंवा 'रॉजर' म्हणून चालणार नाही. महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने परत म्हणायची, आणि सांगणाऱ्याने ती ऐकून 'बरोबर' म्हणायचं, यावर भर वाढला. म्हणजे निरोप जातो, परत येतो, तपासला जातो. तेव्हा कुठे तो पूर्ण होतो.

आपल्या रेल्वेचा प्रायव्हेट नंबर

ही शहाणपणाची गोष्ट फक्त परदेशातच आहे असं समजू नका. आपल्या रेल्वेत ती कितीतरी जुनी आहे. गाडी पुढच्या स्टेशनकडे सोडायची असेल तर आधी तिथल्या स्टेशन मास्तरकडून 'लाइन क्लिअर' घ्यावी लागते. असे निरोप फोनवरून देताना नुसतं "हो, पाठवा" चालत नाही. त्यांच्याकडे छापील तक्ता असतो, त्यातला एक आकडा तो सांगतो – प्रायव्हेट नंबर. ऐकणारा तो आकडा नोंदवतो, आणि देणारा तक्त्यातून तो खोडतो. फाटकवाल्याने फाटक बंद केल्याची खात्री देतानाही अनेक ठिकाणी हेच. कशासाठी? कारण 'हो' हा शब्द माणूस सवयीने म्हणतो, अर्धवट झोपेतही म्हणतो. आकडा बघून सांगायला मात्र जागं व्हावं लागतं.

इंजिनातही तेच. समोर सिग्नल दिसला की लोको पायलट आणि त्याचा सहायक तो मोठ्याने पुकारतात. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने दुजोरा द्यायचा. बाहेरच्याला वाटेल, दोघांनाही दिसतंय, मग बोलायचं कशाला? बोलायचं यासाठी, की 'त्याने बघितलंच असेल' हे गृहीत धरायचं नाही.

आता आपल्या 'हो'कडे या. मराठीत होकाराचे किती प्रकार आहेत! 'हो', 'हो हो', 'बघतो', 'करून टाकू', 'झालंच समजा'. यातला कुठला म्हणजे काम होणार? 'झालंच समजा' म्हणजे बहुतेक वेळा सुरूही झालेलं नसतं. (हशा) आणि आता त्यात मोबाईलवरचा अंगठा आलाय. चाळीस जणांच्या ग्रुपवर सूचना टाकली, सात अंगठे आले, आणि साहेब म्हणतात सगळ्यांना कळवलंय. अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' असा आहे, 'समजलं' असा आहे, की 'मी करतो' असा? सगळ्यांना सांगितलेलं काम हे बऱ्याचदा कुणालाच सांगितलेलं नसतं.

म्हणून पहिला नियम साधा आहे. काम सांगताना नाव घ्या, वेळ सांगा, आणि समोरच्याला त्याच्या शब्दांत परत सांगू द्या. "समजलं का?" हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर कायम 'हो' असतं. त्याऐवजी "तुम्ही आता काय काय करणार आहात?" असं विचारा.

आणि निरोप मधल्या माणसातून जात असेल तर दुप्पट सावध राहा. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याच्या खाली आलं. त्या विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचं काम एका वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होतं. चौकशी आयोगाने कारणांमध्ये इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाचा आणि कॉकपिटमधल्या आपसातल्या समन्वयाच्या अभावाचाही उल्लेख केला. निरोप विमानात पोचणं वेगळं आणि विमान चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात पोचणं वेगळं.

वरच्याला सांगायचं कसं?

टेनेरीफच्या गोष्टीतला एक धागा मी मुद्दाम मागे ठेवला होता. विमान धावायला लागल्यावर केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं की ते पॅन ॲम अजून बाजूला झालं नाही का? त्याला शंका आली होती! कॅप्टनने ठामपणे सांगितलं, झालंय. आणि इंजिनिअर गप्प बसला. कॅप्टन कोण होता? कंपनीतल्या सगळ्यात ज्येष्ठ वैमानिकांपैकी, इतर वैमानिकांना शिकवणारा. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षा यानेच घेतली होती. आता तुम्ही सांगा, ज्याने मला पास केलं त्याला मी दुसऱ्यांदा कसं विचारू?

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ला, अमेरिकेत पोर्टलंड इथे युनायटेड कंपनीचं विमान उतरायला आलं. चाकं बाहेर आली की नाही, याबद्दल शंका होती. कॅप्टन जवळजवळ तासभर घिरट्या घालत चाकांचा आणि प्रवाशांच्या तयारीचा विचार करत राहिला. इंधन संपत आलंय हे इतरांना दिसत होतं. त्यांनी इंधनाचा उल्लेख केलाही. पण उल्लेख करणं आणि "आत्ता उतरलं नाही तर आपण पडू" असं म्हणणं यात फरक आहे. इंधन संपलं आणि विमान उपनगरात कोसळलं. दहा माणसं गेली. धडधाकट विमान, अनुभवी माणसं.

तिसरं उदाहरण न्यूयॉर्कचं, २५ जानेवारी १९९०. कोलंबियाहून आलेलं एव्हिआंका कंपनीचं विमान गर्दीमुळे तासाभराहून जास्त वेळ थांबवलं गेलं. सहवैमानिक नियंत्रकाला सांगत होता की आम्हाला 'प्रायॉरिटी' हवी, पुढे तर हेही सांगितलं की इंधन संपत आलंय. पण 'इमर्जन्सी' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. आता नियंत्रकाच्या दृष्टीने बघा. दिवसाच्या शेवटी उतरणाऱ्या प्रत्येक विमानाचं इंधन संपतच आलेलं असतं. 'इमर्जन्सी' म्हटलं असतं तर सगळं बाजूला सारून त्यांना वाट दिली गेली असती. ७३ माणसं गेली.

यात मराठी माणसाला काही ओळखीचं वाटतं का? "साहेब, म्हणजे… जरा बघितलं असतं तर बरं झालं असतं… तसं काही नाही, आपलं सहज." आपल्याकडे वरच्या माणसाला वाईट बातमी सांगताना आपण ती इतकी मऊ करतो की पोचेपर्यंत ती बातमीच राहत नाही. आणि मग अपघातानंतर म्हणतो, "मी सुचवलं होतं." सुचवणं वेगळं, सांगणं वेगळं.

यावर उपाय म्हणून १९७९ साली अमेरिकेच्या 'नासा'ने वैमानिकांची एक कार्यशाळा घेतली, १९८१पासून युनायटेड कंपनीने प्रशिक्षण सुरू केलं, आणि त्यातून आज जगभर शिकवली जाणारी 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' ही शिस्त उभी राहिली. तिचं सार दोन वाक्यांत. कनिष्ठाने बोलणं हा उद्धटपणा नाही, ते त्याचं काम आहे. आणि ते ऐकणं हे वरिष्ठाचं काम आहे.

बोलायचं कसं, याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. मी त्या आपल्या भाषेत सांगतो. पहिली, हाक मारा. "सर," "मॅडम," "दादा" – त्यांचं लक्ष तुमच्याकडे वळू द्या. दुसरी, चिंता सांगा – "मला काळजी वाटते." तिसरी, वस्तुस्थिती सांगा, आकड्यासकट – "टाकीत पंधरा मिनिटांचं तेल आहे." चौथी, उपाय सुचवा – "आपण आत्ता थांबू या." पाचवी, उत्तर घ्या – "चालेल ना?" यात कुठेही मान कमी झालेला नाही. 'सर' म्हणूनच सुरुवात केलीय. पण तिसरं आणि चौथं वाक्य कापसात गुंडाळलेलं नाही. आणि उत्तर आलं नाही तर एकदा परत, जास्त ठामपणे सांगायचं. तेही ऐकलं नाही, तर दुसऱ्या कुणाला मध्ये घ्यायचं. हे आधीच ठरलेलं असलं की भांडण वाटत नाही, पद्धत वाटते.

याचा फायदा झाला का? १९ जुलै १९८९ला युनायटेडच्याच एका विमानाची मागची मोटर फुटली आणि विमान वळवायला लागणारी सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेली. असं कधी होईल यासाठी सूचनापुस्तकात काहीच नव्हतं. कॅप्टन होते आल हेन्स. त्यांनी सगळ्यांना बोलू दिलं. प्रवाशांत एक प्रशिक्षक वैमानिक होता, त्यालाही आत घेऊन इंजिनांच्या दांड्या त्याच्या हातात दिल्या. सू सिटीला विमान आदळलं, पण २९६ पैकी १८४ माणसं वाचली. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की हे माझं एकट्याचं कौशल्य नव्हतं, हे आम्ही एकत्र बोललो म्हणून झालं.

ताबा देणं

आता आकाशातून खाली येऊ. पाळी बदलते ती वेळ. कारखान्यात 'चार्ज देणं', दवाखान्यात परिचारिका 'ओव्हर देणं-घेणं' म्हणतात. घरी जायची घाई असलेला माणूस नुकत्याच आलेल्या माणसाला सांगतो, "सगळं नॉर्मल आहे, चार नंबरकडे लक्ष ठेव." लक्ष ठेव म्हणजे काय करू? किती वेळाने बघू? काय झालं तर कुणाला बोलवू?

अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांत यावर एक पद्धत वापरून बघितली. ताबा देताना पाच गोष्टी ठरलेल्या क्रमाने सांगायच्या. रुग्ण किती गंभीर आहे. त्याची थोडक्यात हकीगत. काय काय करायचं बाकी आहे. अमुक झालं तर काय करायचं. आणि शेवटी ताबा घेणाऱ्याने सगळं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. २०१४ साली निष्कर्ष आले: वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फक्त सांगण्याची पद्धत.

यातली चौथी गोष्ट आपण हमखास गाळतो – 'अमुक झालं तर'. जाणाऱ्याच्या मनात शंका असते, पण ती वहीत लिहीत नाही, कारण अजून काही घडलेलं नसतं. खरं तर जाणाऱ्याची शंका हीच येणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगाची असते.

लेखी निरोपांचंही तसंच. मंगळाभोवती फिरायला पाठवलेलं नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' सप्टेंबर १९९९मध्ये नष्ट झालं. एका गटाने आकडे पौंडाच्या मापात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापात आहेत असं धरलं. साडेचार पटींच्या जवळपास फरक. आकडा गेला, एकक घरी राहिलं. आणि पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे: काहीतरी जुळत नाहीये, हे मार्ग काढणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. पण ती शंका ठरलेल्या मार्गाने वर न जाता ई-मेलमधून इकडेतिकडे फिरत राहिली.

कागद भरला, बोलणं राहिलं

२००९ साली शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी हे काम करणाऱ्या गटाचे प्रमुख होते डॉ. अतुल गवांदे. त्यांचे वडील मूळचे आपल्या महाराष्ट्रातल्या उटी गावचे. आठ शहरांतली आठ रुग्णालयं, त्यात आपली दिल्लीही होती. १९ मुद्द्यांची यादी: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी थांबून वाचायची. मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आलं, मृत्यूचं दीडवरून ०.८ वर.

त्या यादीत एक मुद्दा फार साधा आहे: खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. कित्येकांना तो पोरकट वाटला. पण ज्याने एकदा तोंड उघडून स्वतःचं नाव सांगितलं, तो पुढे "डॉक्टर, एक मिनिट" म्हणायला कमी कचरतो. ज्याचं नावच कुणाला माहीत नाही, तो काय बोलणार?

आता दुसरी बाजू. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ही चेकलिस्ट १०१ रुग्णालयांत लागू झाली, आणि २०१४ साली दिसलं की मृत्यूंमध्ये लक्षणीय घट नाही. का? यावर वाद आहे, पण एक कारण आपल्याला ओळखू यायला हरकत नाही. वरून आदेश आला, फॉर्म आला, खुणा झाल्या. खुणा करता येतात न बोलताही. आपल्याकडे तर पाळी संपताना आठवडाभराच्या खुणा एकदम करणारे महाभाग असतात. (हशा) चेकलिस्ट ही बोलण्याचं निमित्त आहे. तिच्याऐवजी कागदच काम झाला, तर ती फक्त पुरावा उरते.

कुणाचे कान?

शेवटचा मुद्दा, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये चुका जास्त! नीट खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे चुका सांगितल्या जात होत्या. बाकी ठिकाणी त्या लपवल्या जात होत्या.

म्हणजे तुमच्या विभागात कुणीच तक्रार करत नसेल, सगळं छान चाललंय असंच ऐकू येत असेल, तर खूश होऊ नका. कदाचित तुमच्यापर्यंत बातमी आणण्याची किंमत जास्त आहे.

म्हणून मी कनिष्ठांना 'धाडसी व्हा' असं सांगायला आलेलो नाही. नोकरी ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर धाडस कर, असं सांगणं सोपं आहे. सांगणाऱ्याची नोकरी जात नाही. वातावरण वरचा माणूस ठरवतो, आणि तो ते भाषणाने ठरवत नाही. पहिल्यांदा जेव्हा कुणीतरी वाईट बातमी घेऊन येतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यानेच ते ठरतं. तो क्षण बाकीचे दहा जण बघत असतात. तिथे "बरं झालं सांगितलंस" म्हटलं, तर पुढची दहा वर्षं बातम्या येतात. तिथे "हे तू आत्ता सांगतोयस?" म्हटलं, तर पुढच्या वेळी तेही सांगायला कुणी येत नाही.

आणि अजून एक. बैठकीत साहेबांनी आधी आपलं मत सांगू नये. सगळ्यात नव्या माणसाला आधी विचारावं. साहेब बोलले की चर्चा संपते, उरते ती फक्त सहमती.

उद्यापासून काय करता येईल? तीन गोष्टी सांगतो, जास्त नाही. काम घेताना ते परत म्हणून दाखवा. ताबा देताना 'अमुक झालं तर' हे वाक्य न चुकता बोला. आणि तुम्ही वरच्या जागेवर असाल, तर रोज एकदा विचारा, "माझ्या नजरेतून काय सुटतंय?" विचारल्यावर गप्प बसा. पहिले चार दिवस कुणी बोलणार नाही. पाचव्या दिवशी कुणीतरी बोलेल. त्या दिवशी तुमची परीक्षा आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, मी परत म्हणून दाखवलं की आमचे वरिष्ठ चिडतात. म्हणतात, मी मराठीतच बोललो ना?

उत्तर: (हसून) 'तुम्ही नीट सांगितलं नाही' असा वास त्यात येतो, म्हणून चिडतात. वाक्य स्वतःवर घ्या. "मी बरोबर ऐकलं का ते बघा," असं म्हणा आणि दहा सेकंदांत सांगून मोकळे व्हा. महिनाभरात एकदा तरी त्यात चूक सापडेल, ती त्यांचीही असू शकते. त्यानंतर ते स्वतःच विचारायला लागतात.

प्रश्न: मी परिचारिका आहे. तुम्ही पायऱ्या सांगितल्या, पण आमच्याकडे डॉक्टरांना असं थेट सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलते. मग?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्यावर जादू नाही. दोन गोष्टी मदत करतात. एक, सांगण्याचा साचा. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आलेली एक पद्धत आहे: आत्ता काय चाललंय, मागची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं. या चार वाक्यांत फोन केला की तो तक्रारीसारखा वाटत नाही, कामाचा वाटतो. दुसरं, हे एकटीने करू नका. वॉर्डातल्या सगळ्याजणींनी एकच साचा वापरायचा ठरवा, आणि प्रमुख डॉक्टरांकडून आधीच, शांत वेळी, त्याला मान्यता घ्या. मग तुम्ही बोलता तेव्हा ती तुमची हिंमत नसते, वॉर्डाची पद्धत असते. आणि एवढं करूनही ड्युटी बदलत असेल, तर दोष तुमच्या बोलण्यात नाही, तो व्यवस्थापनाचा आहे. ते त्यांना सांगायची जबाबदारी आमच्यासारख्यांची.

प्रश्न: एवढं सगळं परत परत बोलत बसलो तर काम कधी करायचं?

उत्तर: सगळंच परत म्हणायचं नाही हो! चहा सांगताना प्रायव्हेट नंबर लागत नाही. (हशा) जिथे चूक झाली तर ती मागे घेता येत नाही, तिथेच ही शिस्त: औषधाचा डोस, विजेचा स्विच, पैशांची रक्कम, कापायची बाजू. प्रत्येक टीमने बसून स्वतःची अशी पाच-सात ठिकाणं ठरवावीत. तिथे दहा सेकंद द्यायचे, बाकी ठिकाणी मोकळेपणाने बोलायचं.

वेळ संपली, घंटा झालीय.